सगुणाकाकूंच्या घरचा पाहुणा

एका गावात सगुणाकाकू नावाच्या सुगरण बाई राहत. त्यांच्या पंगतीला बसलेल्याची धडगत नसे. कुणी "पुरे" म्हटलं की काकू आणखी एक पोळी वाढून मोकळ्या होत.

एकदा शेजारचे रखमाजी कुंभार महिनाभरासाठी लेकीकडे निघाले. जाताना त्यांनी आपलं पाळलेलं कासव काकूंच्या स्वाधीन केलं. म्हातारपणी घरात त्यांना तेवढीच सोबत होती. "परसात सोडा वहिनी, चरेल आपलं आपण," ते म्हणाले.

काकूंना हे काही पटलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला का कुणी चरायला सोडतं? त्यांनी चक्क पाट मांडला, पुरणपोळी कुस्करली आणि वर दूध-तूप ओतलं. कासवाने चार घास खाल्ले. काकू हरखल्या. दुसऱ्या दिवशी बासुंदी झाली, तिसऱ्या दिवशी शिरा.

आठवडाभराने कासवाने मान आत ओढून घेतली, ती बाहेर काढेना. "रुसलंय मेलं," म्हणत काकूंनी आग्रह आणखी वाढवला. पण कासव हातात घेतलं तर पायही हलवेना, तेव्हा मात्र त्यांनी ताटली बाजूला ठेवली. हे दगावलं तर रखमाजींना काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात परसामागून शेळ्या चारणारी ठकूबाई जाताना दिसली. खाण्यातलं कुणाला विचारायचं म्हणजे काकूंना कमीपणा वाटे. तरी त्यांनी हाक मारली.

ठकूबाईने शिऱ्याची ताटली पाहून हसू दाबलं. "काकू, ह्यो तुमचा जावई न्हवं, रानातलं कासव हाय. ह्येला गोडधोड, दूध कसं पचंल? पाला घाला. अन् रोज जरा कोमट पाण्यात बसवा."

काकूंनी कोवळं गवत खुडलं, शेवग्याचा पाला आणला, जास्वंदीची फुलं ठेवली. वर निदान चिमूटभर साखर तरी भुरभुरावी म्हणून हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते आवरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मान हळूच बाहेर आली. कासवाने जास्वंदीचा लचका तोडला आणि सावकाश चघळू लागलं. काकूंच्या डोळ्यांना धार लागली आणि जीव भांड्यात पडला.

रखमाजी परतले तेव्हा कासव परसात मजेत चरत होतं. "फार त्रास दिला का हो ह्याने?" त्यांनी विचारलं.

"नाही भाऊजी," काकू म्हणाल्या, "मीच त्याला दिला." आणि त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं.

तात्पर्य: माया आपली असली तरी पोट दुसऱ्याचं असतं, भरवण्याआधी त्याला काय पचतं ते जाणून घ्यावं.