युवराजांच्या आधीचा घास

युवराज अमोघने ओठ घट्ट मिटले, मान फिरवली आणि जत्रेतली आणखी एक चूल विझली.

हुकूमच तसा होता. राजा रणधवल सहकुटुंब जत्रेला आला होता. मोठा रहाटपाळणा दिसताच सात वर्षांच्या युवराजाचे डोळे चमकले. राजाचे जरा जास्तच चमकले. पण राणीसाहेबांनी बजावलं, "उपाशीपोटी पाळण्यात कोणी बसायचं नाही."

युवराज काही खाईना. आणि त्याने खाल्ल्याशिवाय राजघराण्यात दुसरं कोणी खात नसे. शेवटी भुकेल्या राजाने हुकूम काढला, "माझा मुलगा पोटभर जेवेल असं एक तरी दुकान शोधा. जिथलं तो नाकारील ती चूल विझवा. त्या माणसाने पुन्हा या जत्रेत पाऊल टाकायचं नाही."

एक पोरगं जेवत नाही म्हणून सगळ्या जत्रेला उपाशी ठेवायचं, यात दरबारातल्या एकालाही काही वावगं वाटलं नाही.

थालीपीठ झालं, भजी झाली, जिलबीसुद्धा झाली. शिपाई घागर ओतत, चूल चर्र करी, मंडळी पुढे सरकत. आता उरली होती फक्त साळूबाईची चूल. तिच्याकडे बाजरीची भाकरी आणि भरलं वांगं. वर्षभराचं तेल-मीठ याच जत्रेवर चालायचं.

साळूबाईची लेक येसू मात्र मघापासून राजाच्या मागेमागे हिंडत होती.

"अगं, आपल्यावर पाणी पडायची वेळ आली, आणि तू गंमत बघत फिरतेस?" साळूबाई म्हणाली.

"गंमत नाही बघत, आई. तो पोरगा खाण्याकडे बघतच नाही. तो गणोबाकडे बघतो."

गणोबा हा राजघराण्याचा चाखणारा. अन्नात विष नाही ना, हे स्वतः खाऊन बघायचं, हे त्याचं काम. प्रत्येक पदार्थ आधी त्याच्यापुढे येई. तो डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेई, शेजारच्या शिपायाला "घरी सांभाळून राहा म्हणावं" असं सांगे आणि घास तोंडात टाकी. राजवैद्य त्याची नाडी धरून बसत. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहत. गणोबा मेला नाही, याची खात्री झाली की गार झालेलं ताट युवराजापुढे सरकवून राणीसाहेब म्हणत, "घ्या बाळराजे, छान आहे."

मंडळी साळूबाईच्या दुकानापुढे येऊन थांबली. शिपायाने घागर तयार ठेवली. गणोबा डोळे मिटू लागला.

"महाराज, एक विचारू?" येसू पुढे झाली.

"विचार. लवकर विचार."

"वाड्यात युवराज काय खातात?"

"केळी," राणीसाहेब म्हणाल्या. "बाकी कशाला हात लावत नाहीत. आणि जत्रेत तर केळीच मिळाली नाहीत."

"केळंही गणोबा चाखतात?"

राजवैद्य हसले. "सालीच्या आत विष कोण घालणार, पोरी? ते चाखावं लागत नाही."

"म्हणजे जे खाऊन माणूस मरतो का, हे आधी बघावं लागत नाही, तेवढंच युवराज खातात," येसू म्हणाली. "मीही तेच केलं असतं."

गणोबाने एक डोळा उघडला.

"चाखल्याशिवाय राजपुत्र जेवत नाही," राजा म्हणाला. "हा घराण्याचा नियम आहे. तो मोडणार नाही."

"नियम राहू द्या, महाराज. चाखणारा बदला."

"कोणाला बसवू?"

"इथे सगळ्यात जास्त भूक कोणाला लागलीय?"

राजाने तोंड उघडण्याआधी त्याचं पोटच सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललं.

प्रधान घाईघाईने पुढे आले. "महाराजांनी चाखायचं? मग महाराजांच्या आधी कोण चाखणार?"

येसूच्या तोंडात घास होता, म्हणून उत्तराला थोडा उशीर झाला. गणोबापुढे मांडलेल्या ताटातली अर्धी भाकरी तिने केव्हाच मोडली होती. "मी," ती म्हणाली. "आई, वांगं झकास झालंय. थोडं इकडे वाढ गं."

राजा पोत्यावर मांडी घालून बसला. त्याने एक घास घेतला. मग दुसरा घेतला. साळूबाईने तव्यावरची गरम भाकरी ताटात टाकली.

"कांदा आहे का?" राजाने विचारलं.

साळूबाईने कांदा बुक्कीने फोडून दिला. राजा जेवत होता. त्याने डोळे मिटले नाहीत, घरी निरोप पाठवला नाही, आणि नाडी धरायला आलेल्या राजवैद्यांचा हात कोपराने दूर सारला. युवराज हळूहळू जवळ सरकला. ताटात एकच वांगं उरलं होतं.

"आबासाहेब, ते संपवू नका."

"तुला आवडत नाही ना?"

"मी अजून खाल्लंच नाहीये."

ते वांगं युवराजाने खाल्लं. मग त्याने स्वतःची भाकरी मागून घेतली, आणि वडलांच्या ताटातला कांदाही पळवला. शिपायाने घागर खाली ठेवली.

राजा बोटं चाटत म्हणाला, "माग, पोरी. काय हवं ते माग."

"दुकानदारांना पुन्हा जत्रेत येऊ द्या, आणि विझवलेल्या चुली पेटवा. ज्यांनी विझवल्या त्यांनीच."

मग साळूबाईच्या चुलीतला विस्तव खापरांत घेऊन शिपाई दुकानोदुकानी फिरले. ओली लाकडं फुंकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एकाही दुकानदाराने त्यांना फुंकणी दिली नाही.

"आणि आजपासून राजघराण्याची चाखणारी तू," राजा म्हणाला.

"नको, महाराज. मी चाखायला बसले तर युवराजांना काही उरायचं नाही."

राजा हसला आणि पाळण्याकडे निघाला. तेवढ्यात राणीसाहेबांनी वाट अडवली. "एवढं जेवून लगेच पाळण्यात? काही झालं म्हणजे?"

युवराजाचं तोंड उतरलं. राजाचं त्याहून उतरलं. त्याने हळूच येसूकडे बघितलं.

"त्यात काय," येसू म्हणाली. "गणोबांना पोटभर जेवू घालते. मग पाळणा आधी तेच चाखतील."

गणोबा चांगला दोन भाकऱ्या जेवला, पाळण्यात बसला, सवयीने त्याने डोळे मिटले आणि घरी निरोप पाठवला. राजवैद्य खाली तयार उभे राहिले. पाळणा वर गेला. वरून गणोबाचं हसणं ऐकू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. वाड्यात त्याला हसताना कोणी कधी ऐकलंच नव्हतं.

पाळणा खाली आला. राजवैद्यांनी नाडीसाठी हात पुढे केला.

"अजून नीट कळलं नाही, महाराज," गणोबा पाळण्याची दांडी घट्ट धरून म्हणाला. "आणखी एकदा चाखून बघावं लागेल."

राजा पोट धरून हसला. मग त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा येसूच्या हातात ठेवला, युवराजाला उचललं आणि गणोबाला म्हणाला, "सरक तिकडे."