टिचकीची गोधडी

एक होती उंदरी. एवढीश्शी. तिचं नाव टिचकी.

टिचकीला एक जादू यायची. बोटं वाजवली, टिच्! की हवेतून वस्तू हजर. टिच्! लाडू आला. टिच्! छत्री आली. पण दहा मोजेपर्यंतच हं! मग फुस्स! हवेतून आलं, हवेत गेलं.

टिचकीची एक गोधडी होती. ती काही जादूची नव्हती. आईनं शिवली होती, स्वतःच्या जुन्या लुगड्याची. तिला आईचा वास यायचा. तो वास आला की टिचकी झोपलीच.

एके दुपारी वारा सुटला. सूंऽऽ सूंऽऽ! गोधडी उडाली आणि बोरीच्या काट्यांत अडकली.

टिच्! टिचकीनं नवी गोधडी आणली. तिच्यात नाक खुपसलं. छे! आईचा वासच नाही. आणि लगेच फुस्स!

आता आली का पंचाईत? टिचकी खूप रडली. मग डोळे पुसले आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोरीताई, बोरीताई, माझी गोधडी दे!"

"मी नाही देत जा! माझी मुळं सुकलीत. आधी पाणी आण."

"हात्तिच्या, एवढंच?" टिच्! घागरभर पाणी आलं. टिचकीनं मुळाशी ओतलं. फुस्स!

"फसवतेस होय गं? खरं पाणी आण!"

टिचकी गेली शेतातल्या पाटाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड!
बोरी गोधडी देईना,
मला झोप येईना!"

"मी नाही सोडत जा! माझ्या वाटेत धोंडा बसलाय. आधी तो हलव."

टिच्! पहार आली. टिचकीनं जोर लावला. हुंऽऽ! फुस्स! टिचकी पडली धपकन.

"असा हलतो होय धोंडा? म्हशीला बोलाव!"

टिचकी गेली म्हशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हशीबाई, म्हशीबाई, धोंडा हलव!
पाट पाणी सोडीना,
बोरी गोधडी देईना,
मला झोप येईना!"

"मी नाही हलवत जा! पोटात कावळे ओरडतायत. आधी गवत आण."

टिच्! हिरवंगार गवत आलं. म्हशीनं तोंड घातलं. फुस्स! म्हशीनं नुसती हवाच चावली.

"थट्टा करतेस होय गं? राहीमावशीकडून आण!"

राहीमावशी गवत कापून, भारा बांधून बसली होती. टिचकी गेली तिच्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, गवत दे!
म्हैस धोंडा हलवीना,
पाट पाणी सोडीना,
बोरी गोधडी देईना,
मला झोप येईना!"

"अगं बाई, कुठलं गवत न् कुठली म्हैस! गवत कापून कापून पाठीला खाज सुटलीय. हात पोचत नाही. जीव नुसता मेटाकुटीला आलाय. आधी पाठ खाजव."

टिच्! फणी आली. खर्र, खर्र, फुस्स!

"आई गं! ऐन खाजेत सोडलीस की गं!"

टिचकीनं आपल्या बोटांकडे बघितलं. केवढुशी ती बोटं! पण या वेळी तिनं ती वाजवली नाहीत. ती चढली मावशीच्या पाठीवर आणि लागली खाजवायला. खर्र खर्र, खर्र खर्र!

"जरा वर. अंऽऽ, जरा डावीकडे. हां, तिथंच, तिथंच!"

दहा मोजून झाले. वीस मोजून झाले. बोटं दुखली, तरी टिचकी थांबली नाही. फुस्स काही झालंच नाही!

"हुश्श!" मावशी म्हणाली. "सुटले गं बाई!"

मग काय!

मावशीनं भारा म्हशीपुढे आणून टाकला. धप्प!

म्हशीनं गवत खाल्लं. कचर कचर. हुश्श!

म्हशीनं धोंड्याला शिंग लावलं. ढुश्श!

पाट वाहू लागला. खळखळ, खळखळ. हुश्श!

बोरी पाणी प्याली. गट गट गट. हुश्श!

बोरीनं अंग झटकलं. सळसळ! आणि गोधडी पडली टिचकीच्या डोक्यावर.

टिचकीनं नाक खुपसलं. आहा! आला, आला, आईचा वास आला!

"हुश्श!" टिचकी म्हणाली. आणि तिथंच, बोरीच्या सावलीत, गुडुप झोपली. घुर्र, घुर्र.

मावशीची खाज गेली, म्हशीची भूक गेली, टिचकीची रडारड गेली. आणि ऐकणाऱ्यांना काय आली? जांभई! या मग, घ्या पांघरूण.