काकांच्या गाडीचे दिवे

गडहिंग्लजमधली प्रत्येक वरात दौलतकाकांच्या चकचकीत जुन्या स्टेशन वॅगनमधून निघायची. तशीच दुसरी वॅगन त्यांच्या दिवंगत भावाच्या शेडमध्ये गंजत होती. भावाची मुलगी शाल्मली ती विकायला निघाली. जुन्या गाड्या दुरुस्त करून जपणारे शिरोळकर पुण्याहून आले आणि काकांच्या गाडीकडे ढुंकूनही न बघता थेट शेडमध्ये शिरले. काकांचा जळफळाट झाला.

ते मागोमाग येऊन गरजले, "साहेब, फसाल! हिला दिवे नाहीत, बंपर नाही, मीटरसुद्धा नाही. मूळ भाग नसलेली गाडी म्हणजे निव्वळ भंगार!"

शिरोळकर दोन पावलं मागे सरले.

"काका अगदी बरोबर बोलले," शाल्मली म्हणाली. "पण साहेब, ते सगळे भाग शाबूत आहेत, रोज पुसलेही जातात. काकांनी बाबांकडून एका वरातीपुरते मागून नेले होते. ते बाहेर त्यांच्या गाडीला लावलेत. काका, तुमची वरात संपली असेल तर द्या ना परत! मग भंगार कुठलं, ते साहेबच ठरवतील."

शिरोळकर बाहेर गेले, काकांच्या गाडीचे दिवे प्रेमाने निरखले आणि म्हणाले, "काका, पाना आहे का हो?"