तांबटाच्या कानातले बोळे

खूप खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा कोंबडा आरवला की सकाळ आणि गुरं घरी आली की संध्याकाळ!

एका गावात एक तांबट राहायचा. तांब्याचे हंडे, घागरी घडवायचा. दिवसभर आपली ठोकाठोक. पण त्याची खरी ऐट वेगळीच होती. देवीच्या जत्रेत पहिला ढोल त्याच्या घरचा! आज्यापासून चालत आलेला मान. अट एकच, दरवर्षी ताल नवा हवा. जुनाच वाजवला, तर मान दुसऱ्या घरी जायचा.

आणि त्या वर्षी, काय सांगू, तांबटाला काही म्हणता काही सुचेना! धबधब्यापाशी बसून झालं, रानोमाळ भटकून झालं. जत्रा उद्यावर आली, तरी डोकं रिकामंच. या ठोकाठोकीनंच आपले कान बिघडलेत, असं त्याच्या मनानं घेतलं. मग पठ्ठ्यानं काय करावं? कानात कापसाचे बोळे कोंबले आणि कामाला बसला!

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. "झाला का रे माझा हंडा?"

तांबट ढिम्म.

"अरे, तुझ्याशी बोलतेय मी!"

तरी ढिम्मच. आजीबाईंचं डोकं असं फिरलं, की त्यांनी पुढे होऊन दोन्ही बोळे उपटले आणि बाहेर भिरकावले.

"अगं आजी, नवा ताल शोधतोय मी!" तांबट रडकुंडीला आला. "उद्या माझा ढोल जाणार गं!"

"कान बंद करून ताल शोधतोस? धन्य आहे बाबा तुझी! आधी हंडा पुरा कर. घरी पाणी भरायचंय मला."

तांबटानं मुकाट्यानं हातोडी उचलली. हंड्याच्या बुडावर ठोका पडला, धम्म! हातोडी पोटाकडे सरकली, ठण ठण! गळ्याशी आली, तसा आवाज बारीक झाला, टिण टिण टिण!

तांबट थबकला. पुन्हा बुडापासून सुरुवात केली. धम्म, ठण ठण, टिण टिण टिण! त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आजी! ऐकलंस?"

"ऐकतेय की! थांबू नकोस मेल्या, वाजव, वाजव!" आजीबाईंचे पाय केव्हाच थिरकायला लागले होते.

इतकी वर्षं हे आपल्याच हाताखाली वाजत होतं! तांबटाला हसावं की रडावं, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी जत्रेत तोच ताल ढोलावर घुमला आणि काय विचारता! म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळं गाव नाचलं. पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मान तुझ्याच घरी राहिला रे! पण पुढच्या वर्षी काय करशील?"

तांबट घाम पुसत हसला. "उद्या एक परात ठोकायला घेतोय, पाटील. बघू, ती काय म्हणते!"

तात्पर्य: रोजचं काम कान उघडे ठेवून करणाऱ्याला नव्याचा तुटवडा कधीच पडत नाही.