नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे एकोणीस शिळा

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. त्याने विकराक्ष मांत्रिकाला हद्दपार केले. जाताना मांत्रिक वळला, त्याने मूठभर राख फुंकली, आणि नगरातली माणसे चौकोनी काळ्या शिळा होऊन मैदानात पडली. उरले तिघे : राजा, प्रधान आणि खाणीवरून परतलेली येसाई पाथरवटीण. येसाईने एका शिळेवर हात ठेवला. शिळा कोमट होती. आत काळीज धडधडत होते.

वेशीवर एक साळुंकी बसली आणि मांत्रिकाच्या आवाजात बोलली, "शिळा नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे एकोणीस. सारख्या लांबीच्या ओळी करा. एकच ओळ नको, ओळीत एकच शिळा नको. एकही उरू नये, एकही कमी पडू नये. तुम्ही सांगाल तशा शिळा सरकतील. तिघांना एकेक संधी. चुकेल तो दगड होईल. तिघेही चुकलात, तर आतली काळजे थांबतील."

प्रधान घाईने म्हणाला, "महाराज, आकड्यात नऊच नऊ. तिनाने भाग जाणारच!" भीतीपोटी त्याला मधला एकचा आकडा दिसलाच नाही. तो ओरडला, "तीन ओळी!"

मैदान गडगडले. तीन ओळी लागल्या आणि एक शिळा उरली. तिच्यातून हुंदका आला. प्रधानाचे उघडे तोंड तसेच दगडाचे झाले.

येसाई पुढे आली. "महाराज, हजार ओळी मांडा. ओळीत हजार."

"एक्याऐंशी शिळा कमी पडतील, येसाई."

"पडू द्या. नऊ लांब, नऊ रुंद अशी पोकळी एका कोपऱ्यात ठेवा. मला ती पाहायची आहे."

"मी दगड होईन."

"होय, महाराज."

"मग उत्तर सापडेल?"

"ठाऊक नाही. पाहिल्याशिवाय मला दगड कळत नाही."

राजाने मैदानाकडे वळून तसा हुकूम दिला. शिळा सरकल्या, कोपऱ्यात पोकळी राहिली, आणि राजाच्या पायांतून गारठा वर चढू लागला. "लवकर पाहा," तो म्हणाला. एवढेच.

येसाई एकटी उरली. पोकळीमुळे शेवटच्या नऊ ओळी तोकड्या होत्या, प्रत्येकीत नऊशे एक्याण्णव शिळा. वरच्या पूर्ण ओळीही नऊशे एक्याण्णवच होत्या. तिने पुन्हा पाहिले. साळुंकी हसली.

"या नऊ तोकड्या ओळी उचला," येसाई म्हणाली, "उभ्या करा, आणि पूर्ण ओळींच्या कडेला लावा!"

शिळा हलल्या. प्रत्येक ओळीला नऊ-नऊ शिळा मिळाल्या. ओळी नऊशे एक्याण्णव, ओळीत एक हजार नऊ. उरले काही नाही, कमी काही नाही.

साळुंकी किंचाळून राख झाली. दूर घाटात विकराक्ष चालता चालता दगड झाला. राजा आणि प्रधान श्वास घेऊ लागले. शिळांच्या जागी माणसे उभी राहिली. पण कुणी हलेना. ओळ मोडली तर शाप परत येईल, या धास्तीने सारे नगर ताठ उभे होते.

मग कुठेतरी एक तान्हे बाळ रडले, आणि त्याची आई ओळ मोडून धावली.