फुकट खवल्यांचं खोड

झाडंसुद्धा गप्पा हाणायची त्या काळी टोकोजी नावाचा एक सुतारपक्षी होता. एकदा कोल्हीण त्याला म्हणाली, "भावजी, या जाड खोडावर चोच माराल तितके माशाचे चमकते खवले फुकट! ढीग साठला की बदल्यात अळ्या देईन."

टोकोजी हरखला आणि दिवसभर तेच खोड टोचत बसला. घरी पिल्लं भुकेनं ओरडू लागली.

"अहो, दुसरीकडे टोचलं असतंत तर पोरं जेवली असती!" बायको करवादली.

"अगं, पण हे फुकट मिळतंय!"

अखेर तो ढीग घेऊन गेला. टोचून टोचून खोडात ऐसपैस ढोली झाली होती आणि कोल्हीण पोरांसह आत पसरली होती.

"अळ्या?"

"खवल्यांचा भाव पडलाय हो," तिनं जांभई दिली. "शेजारचं खोड माझ्या बहिणीला हवंय. टोचता? दुप्पट खवले!"

टोकोजीला रडू आलं. त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "नक्की दुप्पट ना?"