सरकारांचं ‘नको’

मंगळवारी सकाळी सगुणा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात घेवडा मोडत बसली होती. तेवढ्यात बातमी आली, की तिच्या वडिलांची, दुभाषी तुकाजी कोंड्यांची, नोकरी आज रात्रीच जाणार!

मागोमाग तुकाजी स्वतःच आले.

“केलंत तरी काय, बाबा?”

“काही नाही गं! काल तळ्यावर अमेरिकन पाहुण्यांनी सरकारांना आपला मासे धरायचा चक्रीचा गळ दाखवला. म्हणाले, ‘आवडला? घ्या तुम्हाला!’ सरकार म्हणाले, ‘छे छे, नको.’ मी तसंच सांगितलं. पाहुणे ‘बरं’ म्हणाले आणि गळ पिशवीत घातला!”

“पुन्हा विचारलंच नाही?”

“नाही ना! सरकार रात्रभर तळमळले. म्हणतात, ‘तूच काहीतरी उलटंसुलटं सांगितलंस! आज रात्रीची जेवणं उरकायच्या आत गळ माझ्या हातात हवा. पण मागायचा नाही, विकत घ्यायचा नाही आणि मला हवाय असं सांगायचंही नाही! नाहीतर नोकरी गेली!’”

सगुणा हसली. “आज जिलबी मी वाढते.”

पंगत बसली. सगुणेने पाहुण्यांच्या ताटात जिलबी वाढली.

“नको,” पाहुणे म्हणाले. तिने आणखी दोन वाढल्या.

“पुरे!” तिने आणखी तीन वाढल्या.

पाहुणे लालबुंद झाले. “तुकाजी, या मुलीला ऐकू येत नाही का?”

तुकाजी चाचरत दोघांचं बोलणं एकमेकांना सांगू लागले.

“ऐकू आलं, साहेब,” सगुणा म्हणाली. “पण आमच्याकडे पहिलं नको रीतीचं असतं. दुसरं सवयीचं. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो!”

“आमच्याकडे नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे अपमान! जणू त्या माणसाला स्वतःचं मनच कळत नाही! मग तुमच्यात खरं नको ओळखायचं कसं?”

“हातांकडे बघायचं. खरंच नको असेल, तर माणूस दोन्ही हात ताटावर आडवे धरतो.”

पाहुण्यांनी झटकन दोन्ही हात ताटावर धरले. पंगत हसली. पाहुण्यांना मात्र तळ्यावरचं ‘नको’ आठवलं. मग त्यांनी हळूच सरकारांकडे पाहिलं, उठले आणि गळ घेऊन आले.

“राजेसाहेब, हा घ्या.”

“छे छे, नको!”

“घ्याच!”

“अहो, कशाला उगाच...” सरकार म्हणाले खरे, पण त्यांचे दोन्ही हात केव्हाच पुढे आले होते!

गळ कुरवाळत सरकार म्हणाले, “तुकाजी, नोकरी राहिली तुझी. सगुणे, काय हवं ते माग!”

“नको, सरकार. तुमची कृपा आहे.”

“नको? बरं!” सरकारांनी डोळे मिचकावले. “पुन्हा विचारलं तर तुझा अपमान व्हायचा!”

“सरकार, जिलबी खाऊन साहेब इथले झाले. मी अजून अमेरिकन झाले नाही!”

सरकार पोट धरून हसले आणि तळ्याकाठची आमराई त्यांनी सगुणेच्या नावे करून दिली.

निघताना पाहुण्यांनी सरकारांना आपल्या गावी यायचं आमंत्रण दिलं. आता त्यांना आग्रहही करता येत होता. सरकार दरवेळी “येतो की” म्हणाले. ते जाणं मात्र राहून गेलं. खरं ‘हो’ कसं ओळखायचं, हे पाहुण्यांनी विचारलंच नव्हतं!